एकशे वीस व्होल्टांवरची शेगडी

कोलंबस, ओहायो, अमेरिका
३ फेब्रुवारी २०२५

श्री. आबासाहेब यांस,
दानीएल ओहोळ याचा नमस्कार पोहोचावा.

परवा देवळाली प्रवरेच्या बाजारतळावर, मच्छिंद्रच्या शेतीऔषधांच्या दुकानासमोर बसून, चार माणसांच्या देखत आपण जो वृत्तान्त कथन केलात, तो वस्तुस्थितीला धरून नाही. मच्छिंद्र आपला पुतण्या असला तरी माझा विद्यार्थी आहे. त्याने आपले बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून मला पाठवले. त्यातील आपली वाक्ये मी जशीच्या तशी उतरवतो, म्हणजे पुढे वाद नको:

“मास्तरनं तितं जाऊन घर पेटवलं. लेकरू जन्मलं त्याच दिशी. सा बंब आलं. मास्तरला धरून गाडीत घातला. आन आता म्हनत्यात शेगडीचा दोष हाय! शेगडीला काय झालंय? कॉइल नवी, हजार वॉटची, वायर नवी, टॉप नवा—”

येथे आपण एकाएकी थांबलात आणि चहा मागवलात.

आता एकेक विधान तपासू. घर पेटले नाही. पेटला तो मूठभर ओवा. ही घटना बाळाच्या जन्मदिवशी घडली नाही. बंब सहा आले नाहीत; एक आला, आणि तोही नळी न उलगडता परत गेला. (‘बंब आलं’ हा प्रयोगही सदोष आहे, परंतु आपण शाळेत माझ्या हाताखाली नव्हता, म्हणून तो सोडून देतो.) मला कोणी धरून गाडीत घातले नाही. मी गाडीत स्वतः होऊन चढलो, कारण तिच्या चालकाने आतील यंत्रणा दाखवण्याची तयारी दर्शवली, आणि तशी संधी आमच्या सोनईत पुन्हा मिळाली नसती.

हे पत्र मी हाताने लिहून त्याचे छायाचित्र मच्छिंद्रला पाठवत आहे. तो ते छापून आपल्या हाती देईल, कारण अमेरिकेतून आलेला फोन आपण उचलत नाही. आपल्या कन्येने, राजनंदिनीने, माझ्या मुलाशी, नोहाशी, नगरच्या विवाह नोंदणी कार्यालयात लग्न केले त्या दिवसापासून आपण तिच्याशी एक शब्दही बोललेला नाहीत. मी त्याविषयी काही लिहिणार नाही. माझा हेतू वृत्तान्तशुद्धीचा आहे.

तेव्हा मुळापासून सांगतो. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडे आहे आणि आम्हा ख्रिस्ती घरांतही तीच आहे. “धर्म बदलला म्हणून बाळंतिणीची कंबर बदलत नाही,” असे माझी पत्नी रोझी म्हणते. राजनंदिनीला माहेर बंद. म्हणून माहेरच तिच्याकडे धाडावे, असे कोणीतरी ठरवले. ४ जानेवारीला, शनिवारी, विहीणबाई गोजरबाई ‘शिंगणापूरला दर्शनाला जाते’ असे सांगून घरातून निघाल्या, दर्शन घेतले, आणि परतताना सोनईला आमच्या दारात उतरल्या. हातात पिशवी आणि पिशवीत विजेची शेगडी.

“कोळशाची विमानात घेऊन देत न्हाईत म्हनं,” त्या रोझीला म्हणाल्या. “ही न्या. नंदीला म्हनावं, शेक माहेरचा हाय. आन ह्यांना कळू देऊ नगा बाई. ह्यांना कायबी ठावं न्हाई.”

नोहाने फोनवर आधीच बजावले होते: “पप्पा, मोबाईलचा चार्जर इथं चालतो, त्याला फक्त पिना जुळवायला अ‍ॅडॅप्टर लागतो. पण शेगडी, मिक्सर, इस्त्री असलं काही आणू नका. इथं एकशे वीस व्होल्ट असतात.”

एकशे वीस! मी खुर्चीतून उठलो. एवढ्या प्रगत राष्ट्रात वीज इतकी पडलेली असते, याचा मला खेद झाला, आणि खरे सांगायचे तर थोडा आपलेपणाही वाटला. उसाच्या भरण्याच्या दिवसांत संध्याकाळी आपल्या देवळालीत काय निराळे असते? मोटर नुसती घूं करते, ट्यूब लुकलुकते आणि पंख्याची पाती मोजता येतात. पडलेल्या विजेला कसे वर काढावे, हे आपल्या जिल्ह्यातील माणसाला कोणी शिकवायला नको. मी तत्काळ घरघंटीचा स्टॅबिलायझर सोडवला. आपण तो पाहिलेला नाही. आमच्या भागासाठीच बनवलेला आहे. आत नव्वद येवोत की तीनशे, बाहेर बरोबर दोनशे तीस. बॅगेचे निम्मे वजन त्याचेच झाले. रोझीला दोन साड्या काढून ठेवाव्या लागल्या. त्याविषयी ती अद्याप बोलते.

मुंबईच्या विमानतळावर एका तरुण अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली.

“काका, हे काय आहे?”

“स्थिरदाबकारक.”

“मराठीत सांगा ना काका.”

“स्टॅबिलायझर आहे हो तो,” रोझी म्हणाली.

“मग असं बोला की! आणि हे?”

“शेगडी. सून बाळंत व्हायचीय.”

त्याने दोन्ही वस्तूंकडे पाहिले, मग रोझीकडे पाहिले, आणि स्वतःच्या हाताने बॅगेची चेन लावून दिली.

बाळ जन्मले. मुलगी आहे. आपल्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. तरी नोंद असावी म्हणून लिहितो. नाळ गळून पडेपर्यंत रोझीने शेक थांबवला. २८ जानेवारीच्या सकाळी तिने मुलीला तेल लावून न्हाऊ घातले, राजनंदिनीला चटईवर पालथे झोपवले आणि मला म्हणाली, “लावा आता तुमचं ते यंत्र.”

आबासाहेब, तो क्षण आपण पाहायला हवा होता. येथे एक खुलासा करतो, कारण आपल्या श्रोत्यांत गैरसमज दिसतो. अ‍ॅडॅप्टर केवळ पिनांचा आकार जुळवून देतो. आपल्या टॉपच्या पिना गोल, येथील भिंतीतील खाचा चपट्या. त्यांची गाठ घालून देणे एवढाच त्याचा अधिकार. वीज जशी भिंतीत, तशीच तो पुढे सोडतो. म्हणून मी भिंतीत अ‍ॅडॅप्टर, अ‍ॅडॅप्टरात स्टॅबिलायझर आणि स्टॅबिलायझरात शेगडी, असा क्रम लावला आणि बटण दाबले. आत टक् झाले, काटा थरथरला, चढला आणि दोनशे तीसवर स्थिर उभा राहिला. अमेरिकेच्या भूमीवर दोनशे तीस! नोहा दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिले आणि काट्याकडे बोट दाखवले. बोलण्याची आवश्यकता नव्हती.

कॉइल पाहता पाहता लालभडक झाली. रोझीने पत्र्याच्या झाकणीत ओवा, वावडिंग आणि लसणाची साले टाकून ती वर ठेवली. धुरी निघायची ती निघाली नाही, धूर निघाला. येथे प्रत्येक घराच्या छताला धूर हुंगणारी एक डबी असते. तिने असा टाहो फोडला की मी कानांवर हात ठेवले. मग शेजारच्या घरातील डबी, मग जिन्यातील, मग सर्वच. इमारतीतील काही रहिवासी बर्फात बाहेर आले. (सर्व.)

बंबाबरोबर आलेला उंच गृहस्थ स्वयंपाकघरात शिरला, झाकणीवर वाकला आणि त्याने वास घेतला. “कुणाला खोकला आहे का?” त्याने नोहाला विचारले. “वास तर औषधासारखा येतोय, आणि छान येतोय.” मी त्याला ओव्याचे गुण सविस्तर सांगितले. त्यानंतर गाडीत चढण्याचा प्रसंग आला.

आणि राजनंदिनी? ती मुलीला रजईत गुंडाळून जिन्यावर बसली होती आणि हसत होती. भिंतीला डोके टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. “पप्पा, काटा दोनशे तीसवर होता ना? मग झालं!” असे म्हणून पुन्हा हसत होती. मुलीच्या जन्मापासून ती हसलेली आम्ही पाहिली नव्हती. आपल्या वृत्तान्तात ही बाब आलेली नाही, म्हणून तो अपूर्णही आहे.

स्टॅबिलायझर त्याच दिवशी कपाटात बंद झाला. दोन दिवसांनी मी न्याहारीला बसलो असताना रोझीने काय करावे? शेगडी सरळ अ‍ॅडॅप्टरात खोचली! मी ओरडलो, “अगं, ती दोनशे तीसची आहे, ही वीज एकशे वीस आहे, हे नियमबाह्य आहे!” कॉइल काळीच राहिली. थोडी तांबूससुद्धा झाली नाही. मी म्हणालो, “पाहा. बिघडली.”

“हात धरा,” ती म्हणाली.

मी हात धरला.

आबासाहेब, वरून राख घातलेल्या निखाऱ्यावर हात धरल्यासारखी ऊब होती. तीच. धग नव्हे, झळ नव्हे, ऊब. दाब निम्म्याच्या आसपास आला की उष्णता निम्मी होत नाही, चौथाईच्या आसपास उतरते, हे मी नंतर नोहाच्या मदतीने पडताळून पाहिले. रोझीने ते तळहाताने पडताळले होते. “सोनईला दिवेलागणीला वीज पडली की अशा शेगडीवर दूध उतू जात नाही, तशी झालीय,” ती म्हणाली. “कोळसा असता तर मी राख घातलीच असती ना वर? इथं ती राख आधीच घातलेली आहे.” ओवा आता जळत नाही, नुसता दरवळतो. छतावरची डबी गप्प. राजनंदिनीची कंबर शेकते, मुलीच्या टाळूला गरम हात लागतो, आणि दोघी दुपारपर्यंत झोपतात. ज्या वजनासाठी दोन साड्या सोडून आलो ते यंत्र निरुपयोगी ठरले, आणि जी वीज मी पडलेली म्हणत होतो तीच नेमकी ठरली. मला हे लिहिताना इतका आनंद का होतो आहे, ते कळत नाही.

एक शंका उरते. विहीणबाई म्हणाल्या, आपल्याला काही ठाऊक नाही. मग कॉइल नवी आहे, हजार वॉटची आहे, वायर नवी आहे, हे आपण बाजारतळावर कसे सांगितलेत?

राजनंदिनी आपल्याविषयी काहीही विचारत नाही. इतके काहीही न विचारणारे माणूस मी आजवर पाहिलेले नाही.

आपला,
दानीएल ओहोळ

❖

कोलंबस
९ फेब्रुवारी २०२५

श्री. आबासाहेब यांस,

आपले उत्तर मच्छिंद्रच्या मोबाईलवरून पोहोचले. ‘मी मास्तरला उत्तर देत न्हाई’ या वाक्याने सुरू होणारे उत्तर मी प्रथमच ऐकले.

आपण म्हणता: “मास्तरला म्हनावं, कॉइल मी न्हाई टाकली. दिवाळीत टाकली ती, घरच्या वापराला. आन शेगडी भितीपासून लांब ठिवा. आन त्यो आडाप्टर का काय, त्याला हात लावून बघत जा. शेगडीची वायर जाड हाय, ओढ बसती. आन शेक पाठीला देतात का कमरेला? निस्ता पाठीला दिऊन काय उपेग न्हाई.”

मुद्देसूद उत्तर देतो. शेगडी भिंतीपासून दूर आहे. शेक कंबरेला, पोटऱ्यांना आणि शेवटी पाठीला. मुलीला शेगडीजवळ नेत नाही. रोझी आपला तळहात शेकते, स्वतःच्या गालाला लावून पाहते आणि मग तो मुलीच्या पोटावर ठेवते. मुलगी त्या वेळी जांभई देते. जांभई देताना तिची हनुवटी डावीकडे जाते. राजनंदिनी म्हणते, ही सवय आमच्या कुणाची तरी आहे. ‘कुणाची’ हे ती सांगत नाही.

कॉइलविषयी मात्र आपले म्हणणे टिकत नाही. विहीणबाईंनी काल रोझीला फोनवर काय सांगितले ते ऐका: “मी आदल्या सांजंला शेगडी पिशवीत घालून कणगीमागं ठिवली. सकाळी उचलती तं पिशवी जड. बगती तं वायर लांबलचक, नवी. जुनी तर वीतभर हुती. आन मानूस पलंगावर तोंड फिरवून झोपल्याचं सोंग करतंय. मी म्हनलं, जाती व दर्शनाला. तं म्हनतंय, जा, पर पिशवी आपटू नको कुटं.”

हे आपल्याला मान्य नसेल तर तसे कळवावे.

आणखी एक तक्रार नोंदवतो. आपला ध्वनिसंदेश मी सर्वांसमोर लावला. आपण बोलू लागताच राजनंदिनीच्या हातातील वाटी तशीच राहिली. तिने तो आवाज चार वर्षांनी ऐकला. संदेश संपल्यावर ती म्हणाली, “पप्पा, आवाज नीट आला नाही. एकदा बघू मोबाईल.” आवाज स्वच्छ आला होता. तिने मोबाईल आत नेला. तो मला संध्याकाळी परत मिळाला, तेव्हा त्याची बॅटरी पूर्णपणे उतरलेली होती. तेव्हा यापुढे मच्छिंद्रने संदेश थेट तिच्याच मोबाईलवर पाठवावेत, म्हणजे माझी गैरसोय होणार नाही, असे मी सुचवतो. हेतू केवळ सोयीचा आहे.

दानीएल ओहोळ

ता. क. ‘लांब ठिवा’, ‘हात लावून बघत जा’ ही वाक्ये आज्ञार्थी आहेत. उत्तर न देणारा माणूस आज्ञा करत नाही.

❖

कोलंबस
१८ फेब्रुवारी २०२५

आबासाहेब,

आपला दुसरा वृत्तान्त पहिल्याइतकाच सदोष आहे, आणि या वेळी माझ्यापाशी साक्षीदार आहेत.

मच्छिंद्र सांगतो, शनिवारनंतर आपण पुन्हा त्याच बाकावर बसून म्हणालात: “मी पोरीशी बोललोच न्हाई. मी वायर बगत हुतो. सात डिसेंबर दोन हजार इसला बोलनं बंद केलं ते आजपतूर बंदच हाय.” आणि कोणीतरी हसले म्हणून आपण उठून गेलात.

आपण जे विसरलात, किंवा विसरल्याचे दाखवता, ते क्रमाने लिहितो.

१३ फेब्रुवारीला अ‍ॅडॅप्टर गेला. जळका वास आला, पाहिले तर एक बाजू मऊ पडली होती आणि पिना आत डुगडुगत होत्या. स्टॅबिलायझरच्या दिवशी त्याच्यावर जो भार पडला त्यानेच तो आतून खिळखिळा झाला असावा. (हे वाक्य मच्छिंद्रने मोठ्याने वाचू नये.) नोहा कामासाठी शिकागोला गेलेला. रोझीचे म्हणणे, शेक एकदा धरला की सव्वा महिना मोडायचा नाही. मी शेजाऱ्याबरोबर दुकानांत गेलो. तिसऱ्या दुकानातील बाईंनी मला विचारले, “कुठल्या देशात जायचंय तुम्हाला?” मी म्हणालो, “मला कुठे जायचे नाही, मी आलो आहे.” त्यांच्याकडे भिंतभर अ‍ॅडॅप्टर टांगलेले, सर्व अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्यांसाठी. बाहेरून येणाऱ्यासाठी एकही नाही! मागवला तर मिळतो, पण येण्यास आठवडा. मी रिकाम्या हाताने परतलो आणि हे सांगितले. रोझीने पाण्याची गरम पिशवी काढली. राजनंदिनीने ती घेतली, बाजूला ठेवली, आणि म्हणाली,

“आबांना विचारा.”

या घरात तो शब्द मी प्रथम ऐकला. मी मच्छिंद्रला कळवले. त्यावर आपला निरोप: “आडाप्टरच्या नादी कशाला लागता? टॉप तोडा, तितला टॉप लावा. वायर तीच.” मी कळवले, येथील टॉपात तीन निराळ्या रंगांचे स्क्रू आहेत, एक पितळी, एक पांढरा, एक हिरवा, कोणता कोणाचा? त्यावर आपण जे म्हणालात तेही मुद्रित आहे: “असं सांगून कळतं व्हय! बगाय लागंल.”

बगाय लागंल. हे आपले शब्द आहेत, आबासाहेब, माझे नव्हेत.

शनिवार, १५ फेब्रुवारी. येथे सकाळ, आपल्याकडे दिवेलागण. मच्छिंद्रने व्हिडिओ कॉल लावला. दुकानात वीज गेलेली; अंधारात केवळ आपले कपाळ आणि टोपी दिसत होती. मी टेबलावर वायर सोलून बसलो होतो. दोन्ही हात गुंतलेले. म्हणून मोबाईल दुसऱ्या कोणीतरी धरणे आवश्यक होते. तो कोणी धरावा याविषयी मी काहीही योजलेले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. रोझी काय योजते ते मी सांगू शकत नाही. ती त्याच क्षणी मुलीचे दुपटे वाळत घालायला गेली.

पुढील संवाद असा:

“मास्तर, मोबाईल कोन धरतंय? हालतोय नुसता. काय दिसंना.”

मोबाईल एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“आवो, कोन हाय तितं? नीट धरा की!”

“मी आहे, आबा.”

आपले कपाळ जागचे हलले नाही. दुकानासमोरून ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज येथे ओहायोत आला. मी पेचकस हातात धरून बसलो होतो. मला वाटले, आता कॉल तुटणार.

“नीट धर,” आपण म्हणालात. “लाल वायर दिसंना.”

“आता?”

“हां. खाली घे. अजून. लाल कंच्या स्क्रूला घालतोय त्यो मास्तर?”

“पितळी. काळी पांढऱ्याला. हिरवी हिरव्याला.”

“बरूबर. शेगडीला लाल-काळं उलटंसुलटं झालं तरी चालतंय, पर हिरवी चुकली तर चालत न्हाई. पीळ देऊन घाल म्हनावं. सुटी तार बाहेर ऱ्हायला नको.”

“पप्पा, पीळ द्या.”

मी पीळ दिला.

“तसा न्हाई, मास्तर! घड्याळाच्या काट्यासारका! स्क्रू आवळताना सुटंल त्यो! मराठी शिकवलं का काय शिकवलं जलमभर?”

मी पीळ उलगडून पुन्हा दिला. मी आनंदात होतो. टॉप बंद झाला, भिंतीत बसला. राजनंदिनीने शेगडीवर हात धरला. “आली,” ती म्हणाली. “ऊब आली, आबा.” आणि दुसऱ्या हातातील मोबाईल सांभाळताना तिचा अंगठा कुठेतरी लागला व कॅमेरा फिरला. टेबल गेले आणि तिचा चेहरा आला.

आपण म्हणालात, “वाळलीस.”

एवढेच. त्यानंतर आपण मान वळवून, सगळा बाजारतळ ऐकेल अशा आवाजात ओरडलात, “अगं ए! इकडं ये! बग हिला. खायाला घालीत न्हाईत काय हे लोकं?” म्हणजे विहीणबाई दुकानातच होत्या. त्या पुढे आल्या, पदर तोंडाला लावून. पाठीमागून मच्छिंद्र म्हणाला, “काका, मोबाईल सरळ धरा, तुमचा बी हालायलाय.”

या प्रसंगी केलेल्या आरोपाचा मी लेखी निषेध करतो. तिला रोज अळिवाची खीर, डिंकाचा लाडू, बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी दिली जाते. बाजरीचे पीठ आम्ही सोनईहून आणले. ती वाळलेली नाही. ती जागरणाने तशी दिसते, आणि दुसरे एक कारण होते ते आता दूर झाले आहे.

त्यानंतर मुलगी उठली. राजनंदिनीने तिला कॅमेऱ्यासमोर आणले, तेव्हा आपण टोपी काढलीत. का काढलीत ते मला ठाऊक नाही. मुलीने जांभई दिली, हनुवटी डावीकडे गेली, आणि विहीणबाई आपल्याकडे बोट दाखवून इतक्या हसल्या की आपण “गप बस” म्हणालात. “तिला वाऱ्यात धरू नको,” हे आपले शेवटचे वाक्य. “न्हाई धरत,” हे तिचे. येथे ती ‘नाही’ म्हणते. त्या दिवशी ‘न्हाई’ म्हणाली. मी सुधारले नाही.

संध्याकाळी मी तिला सहज विचारले, लाल वायर पितळी स्क्रूला, हे तुला कोणी सांगितले? ती म्हणाली, “इथं आल्यावर मीच बसवलेत की असले टॉप. आणि घरी विहिरीवर मोटरचा स्टार्टर उघडला की बॅटरी धरायला आबा मलाच न्यायचे. दादा उजेड हलवतो म्हणून.” मग ती भांडी विसळायला गेली. जिला सर्व येत होते तिने ‘आबांना विचारा’ का म्हणावे, हा प्रश्न मी आपल्यावर सोपवतो. मला त्याचे उत्तर आले आहे.

आपल्या दोन्ही वृत्तान्तांतील तारखा आता दुरुस्त करून देतो. यापुढे बाकावर बसून बोलताना याच वापराव्यात:

१. मुलीचा जन्म. आपण म्हणता, १७ जानेवारी २०२५. कोलंबसला तेव्हा १६ तारखेची रात्र होती, देवळालीत १७ची सकाळ. दोन्ही तारखा ग्राह्य.

२. बंबाचे आगमन. आपण म्हणता, जन्मदिवशी. शुद्ध तारीख: २८ जानेवारी २०२५.

३. कॉइल, वायर आणि टॉप बदलणे. आपण म्हणता, दिवाळीत. शुद्ध तारीख: ३ जानेवारी २०२५, सांज ते पहाट यांच्या दरम्यान.

४. विहीणबाईंचे शिंगणापूर-दर्शन. आपण म्हणता, याची आपणास कल्पना नव्हती. तारीख ४ जानेवारी २०२५. कल्पना आदल्या दिवसापासून होती.

५. राजनंदिनीशी अबोला. आपण म्हणता, ७ डिसेंबर २०२० ते आजतागायत. शुद्ध नोंद: ७ डिसेंबर २०२० ते १५ फेब्रुवारी २०२५.

दानीएल ओहोळ